अंजिराचं टिश्यू कल्चर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माहेर पुरंदरचं आणि नोकरी काही वर्षं टिश्यू कल्चर लॅबमधली, त्यामुळे अंजिराची रोपं म्हटलं की भावकीपासून मैत्रिणीच्या सासऱ्यांपर्यंत सगळे मलाच फोन करतात. प्रश्न तेच तेच असतात आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसतो, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकते. क्रम नीट लावलेला नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

टिश्यू कल्चर म्हणजे नक्की काय? हे जीएम वगैरे तर नाही ना?

नाही हो. जीन्समध्ये कुणी हात घालत नाही. झाडाचा एक डोळा किंवा शेंड्याचं टोक घ्यायचं, ते जंतुविरहित करायचं आणि बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचं. त्या खाद्यात साखर, क्षार, व्हिटॅमिन आणि थोडे हार्मोन असतात. त्यातून फुटवे येतात, फुटवे वेगळे करून परत नव्या बाटलीत, असं करत करत संख्या वाढवायची, शेवटी मुळं फोडून बाहेर काढायचं. म्हणजे तुम्ही छाटणीच्या काड्या लावता तेच काम, फक्त काडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि माती नाही.

अंजिराची काडी तर मातीत खोचली तरी लागते, मग लॅबचा खर्च कशाला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि रोपं विकणारे नेमका हाच टाळतात. खरं सांगायचं तर अंजीर हे काड्यांवरून वाढवायला सगळ्यात सोप्या झाडांपैकी एक आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गाल नावाच्या ठिकाणी साधारण ११,४०० वर्षांपूर्वीची जळालेली अंजिरं सापडली, ती बी न धरणाऱ्या प्रकारची होती, म्हणून २००६ साली संशोधकांनी असं मांडलं की माणसं तेव्हाच अंजिराच्या काड्या लावून झाडं वाढवत असणार, म्हणजे गहू-जवाच्याही आधी. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण अंजिराची काडी किती बिनतक्रार लागते ते यावरून कळतं. आमच्याकडे आजोबा छाटणीच्या काड्या बांधाला खोचून ठेवायचे आणि निम्म्या तरी जगायच्याच.

केळीचं तसं नाही. केळीत कंद लावला की कंदाबरोबर सोंडकीड येते, सूत्रकृमी (मुळांतले सूक्ष्म जंत) येतात, व्हायरस येतो, बाग एकसारखी निसवत नाही, म्हणून जळगाव पट्ट्यात ग्रँड नैन या केळीच्या जातीची टिश्यूची रोपं आली आणि लोकांना पहिल्याच पिकात फरक दिसला. तोच हिशोब अंजिराला जसाच्या तसा लावून "टिश्यू म्हणजे डबल उत्पन्न" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघा.

मग अंजिरात टिश्यू कल्चरचा उपयोग कुठं? माझ्या मते तीनच ठिकाणी. एक, व्हायरस काढून टाकलेली स्वच्छ मातृझाडं तयार करायला, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन, एखादी नवी जात हातात दोन-चारच झाडं आहेत आणि वर्ष-दोन वर्षांत हजारो रोपं पाहिजेत तेव्हा, कारण दोन-चार झाडांवर काड्या निघून निघून किती निघणार. तीन, एका देशातून दुसऱ्या देशात वाण पाठवायला, बंद बाटलीत माती नाही, किडे नाहीत, त्यामुळे क्वारंटाइनला सोपं जातं. बाकी एक एकरभर बाग लावायचीय आणि शेजारी निरोगी झाडं आहेत तर काड्या आणा, गुटी बांधा (झाडावरच फांदीला मुळं फोडून घ्या), पैसे वाचवा.

व्हायरस म्हणजे कुठला? आमच्या झाडाला आहे का कसं ओळखायचं?

अंजिराचा मोझॅक. पानावर पिवळट-फिकट डाग, कधी त्या डागाच्या कडेला तांबूस रेघ, पान वाकडंतिकडं, काही फांद्यांची पानं बारीक राहतात आणि कोवळी फळं गळतात. कॅलिफोर्नियातून १९३३ साली याची पहिली नीट नोंद झाली, पण नेमका कोणता व्हायरस हे कळायला २००९ उजाडलं, तोवर सगळे नुसते "मोझॅक" म्हणत होते. आज जिथं जिथं अंजीर आहे तिथं बहुतेक तो पोचलाय. पसरतो दोन वाटांनी: एक, डोळ्यांना न दिसणारी बारीक कोळी आहे ती झाडावरून झाडावर नेते, आणि दुसरी वाट म्हणजे आपणच, काड्यांवरून. बाधित झाडाची काडी लावली की नवं झाड जन्मतःच बाधित. एका चांगल्या फळाच्या झाडावरून गावभर काड्या वाटल्या की गावभर रोग वाटला.

गंमत अशी की उन्हाळ्यात वाढ जोरात असली की नवी पानं कधीकधी चक्क साफ दिसतात. झाड बरं झालं असं वाटतं. झालेलं नसतं. म्हणून नुसतं पान बघून "आमची बाग क्लीन आहे" म्हणू नका. खात्री हवी असेल तर आरटी-पीसीआर, हो तीच, कोविडच्या वेळी नाकात काडी घालून केलेली, कारण हाही आरएनए व्हायरस आहे. आणि फवारणीनं व्हायरस जात नाही, कुठल्याच. औषधाच्या दुकानात कुणी बाटली दिली तर ती परत ठेवा.

म्हणजे टिश्यू कल्चरचं रोप व्हायरस-फ्री असतंच?

नाही!! हे मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावावं असं वाटतं मला.

बाधित झाडाचा डोळा घेतला आणि बाटलीत वाढवला तर बाटलीत बाधित रोपंच वाढतात, फक्त आता बांधावर दहा ऐवजी लॅबमध्ये दहा हजार. बुरशी आणि बॅक्टेरिया खाद्यावर लगेच दिसतात, बाटलीत कापूस नाहीतर शेवाळ्यासारखा थर येतो आणि ती बाटली फेकली जाते, पण व्हायरस पेशीच्या आत बसलेला असतो, तो दिसत नाही.

व्हायरस काढायचा असेल तर शेंड्याच्या अगदी टोकाचा भाग घ्यावा लागतो, ०.२ ते ०.५ मिलिमीटर, मायक्रोस्कोपखाली सुईच्या टोकानं सोलून. त्या टोकाला अजून रसवाहिन्या जोडलेल्या नसतात आणि पेशी फार वेगानं वाढत असतात त्यामुळे व्हायरस तिथपर्यंत बहुतेक पोचलेला नसतो. ही युक्ती फ्रान्समध्ये १९५२ साली डेलियाच्या झाडावर पहिल्यांदा केली गेली आणि मग बटाटा, ऊस, स्ट्रॉबेरी सगळीकडं गेली. अंजिरात कधी कधी याच्या जोडीला झाडाला आधी काही आठवडे ३७-३८ अंश तापमानात ठेवतात, उष्णतेनं व्हायरसची वाढ मंदावते, आणि मग टोक कापतात. तुकडा जेवढा छोटा तेवढा तो स्वच्छ असण्याची शक्यता जास्त आणि जगण्याची कमी. मी पहिल्यांदा केले तेव्हा पंचवीसातले दोन जगले होते आणि मॅडम म्हणाल्या छान आहे.

एवढं करूनही टेस्ट करावीच लागते, एकदा नाही, परत परत. आणि अंजिरात फक्त मोझॅकचा एकच व्हायरस नाही, बॅडनाव्हायरस म्हणून एक आहे तो फार चिवट, टोक कापूनही सहसा जात नाही. म्हणून "१०० टक्के व्हायरस-फ्री" लिहिलेलं दिसलं की विचारायचं, कुठल्या व्हायरससाठी तपासलं? उत्तर आलं तर माणूस कामाचा.

लॅबमध्ये स्टेप बाय स्टेप काय होतं?

आधी मातृझाड निवडायचं, आणि ते महिना-दोन महिने शेडनेटमध्ये ठेवायचं, वरून पाणी मारायचं नाही, बुरशीनाशक फवारायचं. हे कंटाळवाणं काम लोक टाळतात आणि मग शेतातली फांदी थेट लॅबमध्ये आणून रडत बसतात. अंजिराच्या पानाफांद्यांवर खरखरीत लव असते, तिच्यात धूळ आणि बुरशीचे बीजाणू अडकून बसतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. मीठा बहार (उन्हाळ्यात फळं देणारा हंगाम) संपल्यावर झाड ताणावर असतं आणि मग छाटणीनंतर जे कोवळे फुटवे येतात ते मला सगळ्यात सोयीचे वाटायचे, कोवळे पण लिबलिबीत नाही.

फांदी आणली की पानं कापायची, वाहत्या नळाखाली अर्धा तास, मग साबणासारख्या द्रावणात, मग बाविस्टिन या बुरशीनाशकात. इथून पुढं लॅमिनारमध्ये. लॅमिनार म्हणजे ते टेबल ज्यातून गाळलेली हवा सतत अंगावर येत राहते. ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग ब्लीचचं द्रावण नाहीतर ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड तीन ते पाच मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यानं तीन-चार वेळा धुवायचं. मर्क्युरिक क्लोराइड भयंकर विषारी आहे, ते बेसिनमध्ये ओतायचं नसतं, बऱ्याच ठिकाणी ओततात आणि ते बघून मला झोप यायची नाही.

खाद्य म्हणजे एमएस मीडिया. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बनवलेला फॉर्म्युला, आज केळीपासून सागापर्यंत जग त्यावर चालतं. लिटरला ३० ग्रॅम साखर, जेली घट्ट करायला ७-८ ग्रॅम अगर, पीएच ५.७-५.८, आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरमध्ये, १२१ अंशाला १५ पौंड दाबाखाली १५-२० मिनिटं. फुटवे काढायला बीएपी नावाचा हार्मोन, बरोबर किंचित एनएए, तोही हार्मोनच. अंजिरात काहीजण फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं रसायनही घालतात, त्यानं फुटवे बरे येतात असं जुन्या प्रयोगांपासून चालत आलंय. नेमके मिलिग्रॅम मी इथं लिहीत नाही कारण जातीजातीप्रमाणं बदलतात आणि लोक आकडा पाठ करतात, झाड बघत नाहीत.

ग्रोथ रूम २५ अंशाच्या आसपास, दिवसाला १६ तास लाइट. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करून नवीन बाटलीत. पुरेसे झाले की खाद्याचे क्षार निम्मे करायचे, बीएपी बंद आणि आयबीए हा मुळं फोडणारा हार्मोन घालायचा, दोन-तीन आठवड्यांत मुळं. अंजिराला मुळं फोडायचा त्रास जवळपास नाही, काही लॅब तर ही स्टेप गाळून फुटवा थेट कोकोपीटमध्येच (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावतात आणि तो लागतो. शेवटी अंजीरच ते.

बाटलीत तुकडा काळा पडतो तो कशानं?

चीक. अंजिराचं पान तोडलं की पांढरा चीक येतो ना, हाताला खाज सुटते, तोच. कापलेल्या जागेतून चीक आणि फिनॉल बाहेर येतात, हवा लागली की तपकिरी होतात, आजूबाजूचं खाद्यही चहासारखं होतं आणि तुकडा स्वतःच्याच विषात मरतो. यावर उपाय साधे आहेत: कापल्यावर लगेच व्हिटॅमिन सी आणि सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, पहिले काही दिवस अंधारात ठेवायचं, खाद्यात थोडा कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल घालायचा, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी तुकडा उचलून ताज्या खाद्यावर ठेवायचा. शेवटचं काम कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही. आणि ब्लेड नवीन वापरा, बोथट ब्लेडनं चेंगरलेला तुकडा जास्त चीक सोडतो. चारकोल हार्मोनही शोषून घेतो हे विसरू नका, नाहीतर फुटवे का येत नाहीत म्हणून महिनाभर डोकं खाजवत बसाल (मी बसले होते).

एका डोळ्यापासून किती रोपं आणि किती दिवसात?

कागदावर भारी दिसतं. समजा २० डोळे लावले, त्यातले काही बुरशीनं गेले काही काळे पडले, ८ राहिले. दर महिन्याला तिप्पट धरली तर पाच महिन्यांत ८ चे १,९४४. अजून दोन महिने थांबलात तर सतरा हजारांच्या वर. कागदावर.

खरं काय होतं तर मधेच एखाद्या आठवड्यात लाइट जाते, जनरेटरचं डिझेल संपलेलं असतं, ग्रोथ रूम ३५ अंशाला जाते आणि एक अख्खी ट्रॉली खराब. किंवा नवीन मुलगी कामाला लागली, तिनं चिमटा नीट तापवला नाही, तीन दिवसांनी दोनशे बाटल्यांत एकच बॅक्टेरिया. तर डोळा बाटलीत गेल्यापासून शेतात लावण्याजोगं रोप हातात यायला वर्ष ते सव्वा वर्ष धरा. कुणी तीन महिन्यांत देतो म्हणालं तर त्याच्याकडे आधीचाच स्टॉक आहे, किंवा ते टिश्यूचं रोप नाही.

बाटलीतली काही रोपं काचेसारखी पारदर्शक दिसतात, ती लावली तर चालतील का?

नाही. ती पाणी पिऊन फुगलेली असतात, आम्ही काचाळ म्हणायचो. पानं ठिसूळ, हात लावला की तुटतात, बाहेर आली की अर्ध्या तासात सुकतात. बीएपी जास्त झालं किंवा बाटलीचं झाकण फार घट्ट असलं की होतं. अगर थोडं वाढवायचं, हार्मोन कमी करायचा.

हार्डनिंगमध्येच रोपं मरतात, काय चुकतं?

हार्डनिंग म्हणजे बाटलीतल्या रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं, आणि इथंच सगळे बुडतात. बाटलीतलं रोप म्हणजे लाडावलेलं लेकरू, जेवण तोंडात, ऊन नाही वारा नाही, हवेत दमटपणा जवळजवळ शंभर टक्के. त्याच्या पानावर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो आणि पानावरची छिद्रं बंद व्हायचं शिकलेली नसतात. तसंच्या तसं बाहेर काढलं की पानातलं पाणी उडून जातं, मुळं अजून पाणी ओढायला तयार नाहीत, संध्याकाळपर्यंत मान टाकलेली.

एका नर्सरीत मी बघितलंय, मार्चमध्ये बाटल्या आल्या, मालक म्हणाले शेडनेट आहे की, आणि प्रो-ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) लावून वर नुसतं झारीनं पाणी मारलं. चार दिवसांत हजारातली शंभरएक उरली. दोष लॅबला दिला त्यांनी, लॅबनं नर्सरीला, आणि भांडण अजून चालू आहे म्हणे.

बरोबर पद्धत अशी: बाटलीतून काढल्यावर मुळाला चिकटलेलं अगर कोमट पाण्यानं पूर्ण धुवा, कारण त्यात साखर आहे आणि साखर म्हणजे बुरशीला आमंत्रण. सौम्य बुरशीनाशकात बुडवा. धुतलेलं कोकोपीट, थोडं परलाइट असेल तर उत्तम, प्रो-ट्रेमध्ये. वर प्लास्टिकचा बुटका बोगदा, आत दमटपणा ८०-९० टक्के, वर सावली. पहिला आठवडा झाकण उघडायचंच नाही, फक्त बारीक तुषार. मग रोज थोडं थोडं उघडायचं, सकाळी एक तास, मग दोन तास, असं करत चार ते सहा आठवड्यांत पूर्ण उघडं. याच काळात जी नवीन पानं येतात ती खरी पानं, बाटलीतली जुनी पानं पिवळी होऊन पडतात तर घाबरू नका. खत पहिल्या दोन आठवड्यांत नको. पाणी साचू देऊ नका, अंजिराच्या कोवळ्या मुळाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, मर लागते.

नंतर पिशवीत, माती-वाळू-कुजलेलं शेणखत, ५० टक्के शेडनेटमध्ये अजून दीड-दोन महिने, शेवटचे पंधरा दिवस उघड्या उन्हात. फूट-दीड फूट उंच आणि खोड पेन्सिलीएवढं झालं की शेतात. पुरंदरात मे महिन्यात हार्डनिंग करू नका एवढीच कळकळीची विनंती, आपल्याकडे उन्हाळ्यात दमटपणा नसतोच.

रोप अगदी आईसारखंच येणार ना? फळ बदलणार नाही?

डोळ्यापासून किंवा शेंड्यापासून वाढवलं असेल तर बहुतेक करून आईसारखंच. पानाच्या तुकड्यातून आधी पेशींचा गोळा करून मग त्यातून रोप काढलं तर फरक पडायची शक्यता वाढते. तसंच एकाच कल्चरला वर्षानुवर्षं फिरवत राहिलं आणि हार्मोन जास्त दिले तरी. चांगली लॅब ठराविक फेऱ्यांनंतर जुनं कल्चर टाकून परत मातृझाडापासून सुरुवात करते. किती फेऱ्या झाल्यात ते विचारा.

पण एक लक्षात घ्या, आईच जर बेचव फळाची असेल तर लेकरंही तशीच. टिश्यू कल्चर जात सुधारत नाही, छापखान्यासारखं आहे ते, मजकूर चुकीचा असला तर हजार प्रती चुकीच्या.

तांबेरा आणि सूत्रकृमी येणार नाहीत ना?

तांबेरा येणार. ती पानावरची बुरशी आहे, हवेतून येते, दमट हवामान मिळालं की रोप लॅबचं आहे का बांधावरचं हे बघत नाही. फवारणी, पडलेली पानं गोळा करून जाळणं, फांद्यांत हवा खेळती ठेवणं हे करावंच लागेल.

सूत्रकृमीचं थोडं वेगळं आहे. टिश्यूचं रोप मातीशिवाय वाढलेलं असल्यानं येताना स्वच्छ येतं. बऱ्याच नर्सऱ्यांत काड्या ज्या मातीत लावतात तिथंच मुळांवर गाठी होतात आणि पिशवीबरोबर सूत्रकृमी तुमच्या रानात येतात, तो धोका इथं टळतो, पण हार्डनिंगच्या पिशवीत माती कुठली भरली त्यावर सगळं आहे. रोप घेताना एखादी पिशवी फाडून मुळं बघायला मागा, नर्सरीवाला कुरकुरला तरी. आणि जुनी अंजिराची बाग काढून त्याच जागी लावणार असाल तर रानातलेच सूत्रकृमी सहा महिन्यांत मुळांवर येतील, स्वच्छ रोपाचे पैसे वाया. खोडकिड्यालाही रोप कुठून आलं याच्याशी देणंघेणं नाही.

फळ कधी लागतं? काड्यांपेक्षा लवकर की उशिरा?

जवळपास सारखंच. दीड-दोन वर्षांत चार फळं दिसतील, हिशोब मांडण्याजोगं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. काहीजण पहिल्याच वर्षी फळ धरतात, फोटोला बरं दिसतं, झाड मात्र खुजं राहतं.

अंजिराला माशी लागते म्हणतात, ती पण आणायची का?

नाही. स्मर्ना प्रकारच्या अंजिराला परागीकरणासाठी ती बारीक गांधीलमाशी लागते. आपला पूना अंजीर त्यातला नाही, तो माशीशिवाय फळ धरतो.

मग बियांपासून रोपं केली तर? दुकानातल्या सुक्या अंजिराच्या बिया चालतील?

आपल्या अंजिराचं परागीकरणच होत नसल्यानं त्याच्या बिया पोकळ असतात, उगवत नाहीत. सुक्या अंजिराच्या काही उगवतात, जिथं माशीनं परागीकरण झालंय त्या. पण त्यातली साधारण निम्मी रोपं नर निघणार, म्हणजे खाण्यालायक फळ नाही, आणि उरलेली कशी निघतील ते देव जाणे. कुंडीत हौस म्हणून करा.

कुठली जात घ्यावी?

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तो पूना अंजीरच आहे, पातळ सालीचा, गोड, पण दोन दिवसांत नरम पडणारा. राहुरी कृषी विद्यापीठानं फुले राजेवाडी जात काढलीय, मराठवाड्यात दिनकर आहे, आणि डायना सुकवायला बरी म्हणून काहीजण लावतात. पुण्या-मुंबईचं मार्केट जवळ आणि ताजं विकायचं असेल तर मी पूना प्रकारच घेईन. परदेशी जातींची नावं इंटरनेटवर बघून टिश्यूची रोपं मागवणारे वाढलेत, त्यांना एवढंच सांगते की त्यातल्या बऱ्याच जातींना माशी लागते, आधी ते तपासा, नाहीतर झाड डेरेदार होईल आणि फळं सुपारीएवढी होऊन गळतील. जाधववाडीला अंजीर-सीताफळाचं सरकारी संशोधन केंद्र आहे, एकदा जाऊन झाडं डोळ्यांनी बघून या, फुकट आहे.

रोपं घेताना काय विचारायचं?

मातृझाड कुठलं आणि ते मला बघायला मिळेल का. कुठल्या व्हायरससाठी तपासलं, कधी तपासलं, कागद आहे का. किती फेऱ्या झाल्या. सेकंडरी हार्डनिंग, म्हणजे ते पिशवीतलं, पूर्ण झालंय का. बिलावर जातीचं नाव लिहून देणार का, हे शेवटचं विसरू नका, तोंडी "पूना आहे" म्हणतात आणि बिलावर नुसतं "रोपे".

केंद्र सरकारची २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी सर्टिफिकेशनची व्यवस्था आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची, त्यात लॅबला मान्यता मिळते आणि रोपांच्या बॅचची व्हायरस आणि वाणाच्या सारखेपणाची तपासणी होते. पण लॅबला मान्यता आहे म्हणजे तुमच्या अंजिराच्या बॅचची तपासणी झाली असं होत नाही, केळीचा कागद दाखवून अंजीर विकलं जाऊ शकतं. बॅचचा कागद मागा.

एकरी किती रोपं?

पाच बाय पाच मीटरवर १६०. टिश्यूचं आहे म्हणून जवळजवळ लावायचं कारण नाही, झाड तेवढंच मोठं होतं.

सगळा प्लॉट टिश्यूचाच करू का?

मामानं विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं ते सांगते. सगळ्या बागेची रोपं घेऊ नकोस, तपासलेली दहा-वीस रोपं घे आणि ती बाकी बागेपासून लांब, जमलं तर बारीक जाळीच्या घरात लाव, म्हणजे कोळी पोचायची शक्यता कमी. दोन वर्षांत त्यांच्याच छाटणीच्या काड्या निघतील, अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या. त्यांची रोपं कर, घरची, जवळपास फुकट. लॅबनं जे खरं विकायचं ते म्हणजे स्वच्छ आई, पुढचं काम अंजीर स्वतः करतं. कात्री मात्र जुन्या झाडावरून थेट या झाडांवर आणायची नाही, धुवायची. मामानं ऐकलं अर्धंच, जाळी केली नाही.

घरी कुकरमध्ये करता येईल का?

हौसेनं हो. कुकरच्या शिट्टीखाली दाब जवळपास ऑटोक्लेव्हएवढाच असतो, खाद्याच्या बाटल्या वीस मिनिटं चालतात. लॅमिनारऐवजी प्लास्टिकच्या मोठ्या डब्याला दोन भोकं पाडून हात घालायचे, पंखा बंद, खिडक्या बंद. ब्लीच वापरा, मर्क्युरिक क्लोराइड घरात आणूच नका. अल्कोहोल आणि पेटता दिवा एकाच डब्यात नको, माझ्या ओळखीत एकाची भुवई जळालीय. पहिल्या वीस बाटल्यांतल्या अठरा सडतील, सडू द्या. उरलेल्या दोनमध्ये हिरवा ठिपका दिसला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवाल, आणि सासूबाई म्हणतील, एवढ्याला कुकर अडवलास होय.